भोनखेड तलावाचा रखवालदार

गोविंदानं आपलं जाळं स्वतःच्या हातानं पेटवलं, तेव्हा तलावाच्या भिंतीवर शंभरेक माणसं उभी होती. फेब्रुवारीची दोन तारीख, जागतिक पाणथळ दिवस. भोनखेडच्या जिल्हा परिषद शाळेतली पोरं ओळीनं बसवली होती, वन खात्याचे साहेब जीपमधून आले होते आणि माइक शाळेतल्या शिक्षिका वंदनाबाईंच्या हातात होता.

नायलॉनचं जाळं गवतासारखं भडकत नाही. ते आधी आक्रसतं, मग वितळतं, त्याचे काळे थेंब गळतात आणि घशात बसणारा वास सुटतो. माजी सरपंच शेषरावांच्या ट्रॅक्टरमधलं डिझेल गोविंदानं दोनदा ओतलं. पुढच्या ओळीतल्या पोरांनी नाकाला रुमाल लावले. टाळ्या मात्र थांबल्या नाहीत. गोविंदाची बायको कलाबाई भिंतीच्या उतारावर एकटी उभी होती. सगळे चहाला वळले तेव्हा ती वर आली, काडीनं राख उकरली आणि जाळ्याच्या काठाला असलेल्या शिशाच्या गोळ्या एकेक वेचून पदरात बांधल्या. त्या तिच्या सासऱ्याच्या वेळच्या होत्या.

वंदनाबाई मूळच्या बुलढाण्याच्या. नवरा तिथंच कचेरीत नोकरीला. त्या सोमवार ते शनिवार पिंपळगाव राजात खोली करून राहत आणि स्कूटीनं भोनखेडच्या शाळेत येत. शाळेच्या मागेच तलाव. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी पाण्यावर उतरलेली चक्रवाकं पाहिली, आणि बाईंना तलावाचं वेडच लागलं. तीन वर्षांत त्यांनी गावातल्या वीस-बावीस जणांना घेऊन ‘तलाव मित्र मंडळ’ उभं केलं. शनिवारी शाळा सुटली की सगळे मिळून काठावरची बेशरमाची झुडपं उपटायचे, पिशव्या-बाटल्या वेचायचे, पक्षी मोजायचे. तलावाला लागून ज्यांची वीस एकर जमीन, ते शेषराव अध्यक्ष झाले. मोबाइलचं दुकान चालवणारा दीपक मंडळाचे फोटो काढायचा. तलावाला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळवायचा, हे एकच सगळ्यांच्या डोक्यात होतं.

गोविंदा भोई मंडळात नव्हता. तो तलावात मासे धरायचा, कलाबाई ते पिंपळगाव राजाच्या बाजारात नेऊन विकायची. जाळं पेटवायच्या काही दिवस आधी, एके सकाळी तो शाळेत आला. हातात गुंडाळलेला सदरा होता. त्यानं तो बाईंच्या टेबलावर उघडला. आत मेलेलं टिबुकलीचं पाखरू होतं, मुठीएवढं, मानेला जाळ्याचा धागा रुतलेला.

"बाई, हे माह्या हातून झालं," तो म्हणाला. "रातभर जाळं टाकून ठेवलं होतं. डुबकी मारून आत गेली आन् अटकली. तुम्ही पाखरायचं करता म्हून तुमच्यापाशी आणली."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा प्रामाणिक माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्याच वेळी त्यांच्या मनात दुसरंही काही आलं. ते वाईट नव्हतं, पण ते मंडळाच्या कामाचं होतं.

"गोविंदाभाऊ, जाळं सोडा," त्या म्हणाल्या. "तुमची सोय मी लावते."

"मले दुसरं काही येत नाही, बाई."

"तुम्हाला तलाव येतो. तलाव राखीव झाला की इथं रखवालदार लागणारच आहे."

दोन फेब्रुवारीला साहेबांनीही माइकवर तेच सांगितलं. "इथला पहिला रखवालदार गोविंदा!" दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. धूर, हात जोडलेला गोविंदा आणि शेजारी वंदनाबाई.

मंडळानं त्याला हिरवी टोपी दिली आणि एक शिट्टी दिली. पगार नव्हता, तो ऑर्डर आल्यावर सुरू होणार होता. तोवर घर कलाबाईच्या मजुरीवर चालू लागलं. ती शेषरावांच्या शेतात निंदायला जाऊ लागली.

गोविंदानं दोन वर्षं तलाव राखला. उजाडायच्या आत तो भिंतीवर असायचा. मंडळातल्या लोकांना पुस्तकातली नावं ठाऊक होती, त्याला पाखरांची चाल ठाऊक होती. चोचीच्या बुडाशी लाल आणि टोकाशी पिवळा ठिपका असतो ते हळदी-कुंकू बदक पाण्यापासून किती दूर घरटं करतं, माणूस जवळ आला की मादी पंख मोडल्यासारखा ओढत उलट्या दिशेला कशी पळते आणि तिच्या मागं न जाता तिथंच उभं राहिलं तर अंडी कशी सापडतात, हे त्यानं त्यांना दाखवलं. दीपकच्या ज्या फोटोंना बुलढाण्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, ते सगळे गोविंदानं बोट दाखवून काढवलेले होते. वंदनाबाई त्याच्याकडून शिकत आणि वहीत लिहून घेत. एकदा त्या म्हणाल्या, "गोविंदाभाऊ, तुमच्यावर पुस्तक होईल." तो लाजून हसला आणि घरी जाऊन त्यानं ते कलाबाईला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या वर्षी त्यानं आपला चुलतभाऊ किसन याला पकडलं. किसननं पलीकडच्या काठाला जाळी लावली होती. गोविंदानं आधी त्याला हात जोडून सांगितलं. किसन म्हणाला, "तुह्या बापाचा तलाव आहे का बे?" गोविंदानं शिट्टी वाजवली. शेषरावांची माणसं धावली, जाळी जप्त झाली, किसनला ठाण्यात नेलं. ग्रामसभेत गोविंदाला शाल आणि नारळ मिळाला.

त्याच आठवड्यात भोई समाजाची माणसं मारुतीच्या पारावर बसली. गोविंदाच्या घराशी बोलणं-चालणं बंद झालं. किसनच्या पोरीचं लग्न दोन घरं सोडून लागलं, मांडवातला बॅण्ड गोविंदाच्या भिंतीवर आदळत होता, पण पत्रिका आली नाही. कलाबाईनं दार लावून घेतलं.

"तुह्या शिट्टीनं आपलं गणगोत पळालं," ती म्हणाली.

"ऑर्डर आली की येतीन सगळे," गोविंदा म्हणाला. "नोकरीवाल्या माणसाले कोणी टाकत नाही."

मे महिन्यात तलाव राखीव झाला. गावात फटाके वाजले. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा वंदनाबाईंना कळलं, की रखवालदाराची जागा मंजूर झाली आहे आणि तिच्यासाठी दहावी पास ही अट आहे. गोविंदा चौथी शिकलेला. बाई एक दिवसाची रजा टाकून बुलढाण्याला गेल्या. कचेरीत त्यांना दोन तास बसवून ठेवलं, मग टेबलामागचा माणूस म्हणाला, "मॅडम, नियम माझ्या घरचा नाही. तुमच्याच गावातून नाव आलंय. गजेंद्र. शेषरावांचे पुतणे. बारावी आहेत."

बाईंना राग आला. त्या शेषरावांकडे गेल्या. शेषरावांनी त्यांना खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"बाई, मी का म्हणू गोविंदा वाईट आहे म्हून? सोनं आहे तो. पण चौथीवाल्याचं नाव धाडलं असतं तर जागाच दुसऱ्या गावात गेली असती. मंग आपल्या तलावाले कोण? तुम्हीच सांगा."

बाईंनी चहा घेतला.

उद्या सांगू, असं म्हणत त्यांनी तीन आठवडे काढले. गोविंदा त्यांना रोज भेटत होता. शाळेच्या फाटकाशी टोपी काढून उभा राहायचा. "बाई, ऑर्डर कधी येते?" बाई म्हणायच्या, "येईल हो, सरकारी काम आहे." आणि दर वेळी त्या वर्गात निघून जायच्या.

शेवटी ते गजेंद्रनंच सांगितलं. तो नव्या खाकी कपड्यांत मोटरसायकलवर आला. गोविंदा मंडळानं बांधलेल्या पत्र्याच्या चौकीत बसला होता.

"काका, टोपी आन् शिट्टी द्या."

"काऊन?"

"ड्युटी माही आहे आजपासून. ऑर्डर आली."

गोविंदानं गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "शिट्टी मले बाईनं देली आहे."

"बाईनं नाही, मंडळानं देली. आता मंडळ मले देते. इचारा फोन लावून."

गोविंदानं गळ्यातली दोरी काढली. गजेंद्रनं शिट्टी घेतली, शर्टाच्या टोकानं पुसली. मग बाटलीतल्या पाण्यानं धुतली, पुन्हा पुसली आणि तोंडात धरून वाजवली. "निघा आता," तो म्हणाला. "राखीव क्षेत्र आहे. इनाकारण बसू नये."

गोविंदा मधल्या सुट्टीत शाळेत आला. बाई पोरांना खिचडी वाढताना पाहत होत्या. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "तुम्हाले मालूम होतं?"

"हो."

"कधीचं?"

"तीन आठवडे झाले. गोविंदाभाऊ, मी प्रयत्न केला. मी बुलढाण्याला जाऊन..."

"मी रोज इचारत होतो," गोविंदा म्हणाला. तो ओरडला नाही. पोरं पाहत होती म्हणून तो मान खाली घालून फाटकाबाहेर गेला.

बाईंनी त्यानंतर दोन अर्ज केले. शेषरावांकडे शब्द टाकला, त्यांनी गोविंदाला गोठ्यात शेण काढायचं काम देऊ केलं. गोविंदा गेला नाही. बाईंना वाटलं, आपण आपल्याकडून केलं. हळूहळू शाळेतून तलावाकडे जाताना त्या त्याच्या घराचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या.

भादव्यात सलग अकरा दिवस पाणी पडलं. शेतात पाय ठेवता येईना, कलाबाईची मजुरी थांबली. उसनं मागायला भोईपुऱ्यात एक दार उघडं नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी पाऊस उघडला, तसा गोविंदा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांबूला बांधून तलावावर गेला. त्याला चोरून जाता आलं असतं, तलावाची प्रत्येक आडवाट त्याला ठाऊक होती. तो भिंतीवरून, रोजच्या वाटेनं गेला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं चार-पाच लहान मासे धरले आणि एक हातभर लांब मरळ.

गजेंद्रनं शिट्टी वाजवली. दहा मिनिटांत मंडळाची पंधरा माणसं जमली. ज्यांना गोविंदानं घरटी दाखवली होती, तीच. त्याला चौकीपुढं चिखलात बसवलं. कुणीतरी मरळीच्या गालफडातून सुतळी ओवली आणि तो मासा गोविंदाच्या गळ्यात अडकवला. मरळ पाण्याबाहेर लवकर मरत नाही. ती त्याच्या छातीवर तोंड उघडत आणि मिटत होती, मध्येच शेपटी आपटत होती.

"वर पाह्य काका, तोंड दिसू दे," दीपक म्हणाला. तो मोबाइलवर शूटिंग करत होता.

"हा आपला पहिला रखवालदार," शेषराव म्हणाले, आणि लोक हसले.

फोन गेला तशा वंदनाबाई आल्या. स्कूटी लावून त्या घाईनं पुढं झाल्या आणि गोविंदाला पाहून जागीच थांबल्या. त्यानं मान वर केली.

"बाई, सांगा ना यांले," तो म्हणाला.

पुढं कितीतरी वेळा बाईंनी तो क्षण मनात फिरवून पाहिला. सुतळी तोडायला त्यांना दोन पावलं टाकायची होती. पण त्या वेळी त्यांच्या मनात दया नव्हती, राग होता. ज्याचा फोटो पेपरात छापला, ज्याच्या नावानं आपण सगळ्यांना सांगत फिरलो, त्यानंच हे केलं. पुढच्या महिन्यात नागपूरहून तपासणीचं पथक येणार होतं. आज याला सोडलं तर उद्या किसनला काय सांगायचं? आणि पंधरा माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

"मासा काढा गळ्यातला," त्या म्हणाल्या. मग गोविंदाकडे न पाहता म्हणाल्या, "पंचनामा रीतसर करा. नियम सगळ्यांना सारखा."

पंच म्हणून पहिली सही त्यांनीच केली. हजेरीपटावर करत तशीच, सुबक, खाली तारीख घालून.

गोविंदा संध्याकाळी सुटून घरी आला, पण शूटिंग त्याच्या आधी सगळीकडे पोचलं होतं. किसननं ते भोई समाजाच्या ग्रुपवर टाकलं. ‘शाल-नारळवाले’ एवढंच वर लिहिलं. गोविंदाची एकुलती पोरगी महामाया, तिला हिवरा आश्रमाच्या बाजूच्या गावात दिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती.

"बाबा, दसऱ्याले मले न्यायले येऊ नका. सासूबाईनं पाह्यलं ते. यायच्या घरी सगळ्यायनं पाह्यलं."

"बरं," गोविंदा म्हणाला.

"आईले द्या."

कलाबाई फोन घेऊन मागच्या दारी गेली.

पिंपळगाव राजाच्या बाजारात जब्बारचं मासळीचं दुकान होतं. वीस वर्षं तो कलाबाईकडून मासे घेत आला होता. आता त्याच्याकडे आंध्रातून बर्फात घातलेला मासा ट्रकनं यायचा. त्यानं गोविंदाला बोलावणं धाडलं. "भाऊ, घरात बसून माणूस सडते. मासा कापायले मले माणूस लागतेच. ये." गोविंदा गेला. दिवसभर तो लाकडी ठोकळ्यापुढं बसून दुसऱ्यांनी धरलेले मासे खवलायचा. गिऱ्हाईक त्याला ओळखायचं, कुणी मोबाइल काढून त्याचं तोंड आणि स्क्रीन ताडून पाहायचं. तो मान वर करत नसे.

ऑक्टोबरात पथकाची तारीख ठरली. राखीव क्षेत्रात पक्षी नुसते येतात की वीणही करतात, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. मंडळानं चार दिवस काठ पालथा घातला. गजेंद्रला एकही घरटं सापडलं नाही. हळदी-कुंकवाची मादी पंख ओढत पळायची आणि तो शिट्टी वाजवत तिच्या मागं धावायचा.

शेवटी वंदनाबाई जब्बारच्या दुकानात आल्या. गोविंदाच्या हातात सुरी होती, कोपरापर्यंत खवलं चिकटलेली.

"गोविंदाभाऊ, एका सकाळपुरतं या," त्या म्हणाल्या. "पथकाला एखादं घरटं दाखवायचं आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. मी... झालं ते चुकलं. पण तलाव तुमचाही आहे."

जब्बार म्हणाला, "मॅडम, तुम्हाले इथं येतानी काहीच वाटलं नाही का?"

गोविंदानं त्याला हातानं थांबवलं. "कोण कोण येते?" त्यानं विचारलं.

बाईंनी नावं सांगितली. नागपूरचे तिघं, वन खात्याचे साहेब, शेषराव, दीपक, गजेंद्र.

"तुम्ही?"

"मी तर असणारच."

"येतो," गोविंदा म्हणाला आणि पुढचा मासा ठोकळ्यावर घेतला.

बाईंना इतकं हलकं वाटलं, की परतताना त्यांनी शाळेतल्या पोरांसाठी पेढे घेतले.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. गोविंदा धुतलेलं धोतर नेसून आला होता. तो पुढं आणि बाकीचे एका रांगेत मागं, असे ते पूर्वेच्या काठानं चालले. पथकात एक वयस्क बाई होत्या, पक्ष्यांच्या अभ्यासक. गोविंदा त्यांना हळू आवाजात सांगत होता. हे शेकाट्याचं पाऊल, इथं वारकरी पाखरं चरून गेली. त्या बाई वंदनाबाईंना म्हणाल्या, "अशी माणसं जपली पाहिजेत तुम्ही." वंदनाबाईंनी मान हलवली.

पाण्यापासून पन्नास पावलांवर उंच गवत होतं. तिथून एक मादी निघाली आणि पंख ओढत, ओरडत तलावाकडे पळाली. गोविंदानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग वाकून गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. आत पिसांच्या अस्तरावर नऊ अंडी होती, मळकट पांढरी. पथकातल्या बाई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी हात न लावता नुसता तळवा वर धरला.

"ऊब आहे अजून," त्या कुजबुजल्या.

"दोन दिवसात फुटतीन," गोविंदा म्हणाला. "आत पिल्लं तयार आहेत."

दीपकनं फोटो काढले. साहेबांनी पाहिलं, शेषरावांनी पाहिलं. वंदनाबाई सगळ्यात शेवटी पुढं झाल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"पाह्यलं सगळ्यायनं?" गोविंदानं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या.

गोविंदानं उजवा पाय उचलला आणि घरट्यात ठेवला. त्यात घाई नव्हती, चीड नव्हती. चिखलात पाय रोवून उभं राहावं तसा त्यानं सगळा भार त्यावर टाकला. आवाज फार झाला नाही. मग त्यानं पाय उचलून थोडा बाजूला, उरलेल्या तीन अंड्यांवर ठेवला. पायाच्या बोटांमधून बलक आणि रक्त वर आलं. एक ओलं, मिटलेल्या डोळ्यांचं पिल्लू अर्धं कवचात होतं आणि त्याची मान हलत होती. ती थांबेपर्यंत गोविंदानं पाय काढला नाही.

पथकातल्या बाई किंचाळल्या. गजेंद्रनं गोविंदाच्या तोंडात मारली, तो पडला, गजेंद्र लाथ मारायला धावला तसं साहेबांनी त्याला मागं ओढलं.

"घसरला!" वंदनाबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "साहेब, पाय घसरला त्यांचा. चिखल आहे इथं. मी पाहिलं. मी अगदी जवळ होते."

गोविंदा बसता झाला. ओठातून रक्त येत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"घसरला नाही, साहेब," तो म्हणाला. "बाई खोटं बोलते. मी ठेवला." मग तो वंदनाबाईंकडे वळला. "लिवा पंचनामा. करा सही."

मादी परत आली होती. ती त्यांच्या डोक्यावरून दोन घिरट्या मारून गेली, पुन्हा आली आणि माणसं उभी होती म्हणून पाण्यावर जाऊन बसली. कागद लिहून होईपर्यंत ती तिथूनच ओरडत होती. वंदनाबाईंनी सही केली. सात जण साक्षीला होते, आणि ज्याच्यासाठी खोटं बोलायचं, तो खोटं बोलू देत नव्हता.

हा गुन्हा मासे धरण्यासारखा किरकोळ नव्हता. गोविंदा सतरा दिवस कोठडीत होता. भोईपुऱ्यातून कुणी जामीन राहिलं नाही, शेवटी जब्बारनं आपल्या घराचा उतारा जोडून त्याला सोडवलं. पथकानं तलावाला चांगला शेरा दिला. ‘स्थानिक स्वयंसेवक अत्यंत जागरूक’ असं त्यात वाक्य होतं, ते शेषरावांनी फ्लेक्सवर छापून घेतलं.

गोविंदा सुटल्यावर चार दिवसांनी वंदनाबाई त्याच्या घरी गेल्या. तो दुकानावर होता. कलाबाईनं त्यांना आत घेतलं, सतरंजी टाकली, पाणी दिलं. बाई रडू लागल्या. कलाबाई त्यांचं रडणं संपेपर्यंत समोर बसून राहिली.

"मले वाटलं होतं, हे केलं म्हंजे त्याचं मन निवंल," ती मग म्हणाली. "नाही निवलं. जेवाले बसला की हात थांबते. म्हणते, कले, एक जीता होता त्यातला. पाय धू धू धुते. कातडं गेलं निघून."

"मी काय करू, कलाबाई?"

"काही करू नका. पाखरापायी रडते तो. तुमच्यापायी नाही. तुम्ही कायले मनाले लावून घेता?" ती उठली. "आता येऊ नका बाई. घरी माणूस आलं की शेजारी दारात येऊन पाह्यतात."

वंदनाबाईंनी मंडळ सोडलं. बदलीचा अर्ज भरला, पण ती त्या वर्षी झाली नाही. खटल्यातून मात्र त्यांना सुटता आलं नाही. फिर्यादीच्या कागदावर पहिली साक्षीदार म्हणून त्यांचं नाव होतं. खामगावच्या कोर्टात दर महिन्या-दोन महिन्यांनी तारीख पडते. कधी न्यायाधीश रजेवर असतात, कधी सरकारी वकील नसतो, कधी दुसराच खटला लांबतो. साक्ष अजून झालेली नाही. आरोपी आणि साक्षीदार पिंपळगाव राजाहून एकाच एसटीनं जातात आणि एकाच एसटीनं परत येतात. कोर्टाच्या ओट्यावर दिवसभर एकमेकांपासून दहा हातांवर बसतात.

परवाच्या तारखेला पुकारा झाला तेव्हा साडेचार वाजले होते. पुढची तारीख घेऊन दोघं बाहेर पडले. स्टँडवर गर्दी होती, आठवडी बाजाराचा दिवस. बाई चढल्या तेव्हा गाडीत एकच जागा रिकामी होती, गोविंदाच्या शेजारची. त्या सीटच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

"गोविंदाभाऊ," त्या म्हणाल्या.

गोविंदानं मांडीवरची कापडी पिशवी उचलली आणि रिकाम्या जागेवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवी घ्या मांडीवर, मॅडमले बसू द्या."

"माणूस येऊन राह्यलं," गोविंदा म्हणाला.

कुणी आलं नाही. गाडी सुटली. पिंपळगाव राजा येईपर्यंत गोविंदा खिडकीबाहेर पाहत होता आणि बाई उभ्या होत्या.